बोटभर हवा

"हात लावलासच कशाला? सांग ना, कशाला?"

"हळू बोल गो. लोक बघतायत."

"बघू देत! कानस घेऊन बसलास तू काल..."

"कानस नाय. पालिशचा कागद. बारीकवाला."

"हो का? मग काय, सत्कारच करतील तुझा!"

रत्नागिरीतल्या इस्पितळात, किरणांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बापलेक भांडत होते. सावनीच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेली टोपी होती. डोक्यावरची नव्हे, नाकावरची. तिच्या बापाच्या, महिपतच्या नाकपुडीवर कर्करोगाची गाठ होती. कापायची तर अर्धं नाक जाणार, म्हणून किरणं द्यायचं ठरलं. त्याच्या चेहऱ्याचा स्कॅन काढून, त्या मापाने ही टोपी थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतली होती. किरणांचा जोर एरवी कातडीच्या खाली उतरून पडतो. हा जाड थर वर बसला की कातडीपासूनच पडतो. फक्त मध्ये फट राहता कामा नये, नाहीतर गाठीवरचा जोर कमी पडतो. वीसपैकी नऊ बैठका झाल्या होत्या.

महिपत मुखवटे करायचा. शिमग्याला आसपासच्या गावांतल्या नमनाच्या खेळांत जे रावण नाचायचे, त्यातले निम्मे त्याने पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलेले. त्याचा थोरला भाऊ गंगाराम एका वर्षी घट्ट मुखवट्यात नाचता नाचता कोसळला. मुखवटा ओढून काढेपर्यंत ओठ काळेनिळे. गंगाराम वाचला, पण तेव्हापासून महिपतने प्रत्येक मुखवटा आतून घासला. चेहरा आणि लाकूड यांच्यामध्ये बोटभर हवा.

शुक्रवारी त्याने शमिकाला गळ घातली होती. किरणांच्या मशिनवर काम करणारी ही मुलगी रोज त्याच्या नाकावर टोपी बसवायची. "मीपण मुखवटेच करतो गो. बघू दे दोन दिस, कसा केलाय." टोपी खोलीबाहेर न्यायची नसते. तिने दिली. रविवारी पडवीत पांढरी भुकटी सांडलेली सावनीला दिसली.

"डाचत होती," महिपत म्हणाला. "नाकावर वळ उठायचा."

"मग डॉक्टरला सांगायचं! आता तरी सांग."

"सांगितला की पयला काय विचारतील? टोपी घरी गेली कशी? त्या पोरीची नोकरी जाईल."

"आणि न सांगता त्या मशिनखाली निजलास तर?"

"नाक माजा हाय."

"आणि मी कोणाची रे? शेजाऱ्यांची?"

तेवढ्यात दार उघडून शमिका आली. "चला काका, तुमचा नंबर." तिने टोपी घेतली, तिथेच त्याच्या नाकावर टेकवली आणि थांबली. टोपी डुगडुगत होती. तिने ती उलटी करून आत अंगठा फिरवला.

"काका, हे काय?"

सावनीने बापाकडे पाहिलं.

"मी घासली," महिपत म्हणाला. "चांगल्यासाठीच. श्वासाला जागा हवी म्हणून." मग घाईघाईने, "तुजा नाव नाय घेणार मी. मीच चोरून नेली म्हणून सांगतो. आजच्या दिस चालेल ना गो? कापूस भरून?"

शमिकाचा अंगठा अजून आतच होता. तिने मशिनच्या खोलीकडे पाहिलं. मग टोपी दोन्ही हातांत धरून ती वळली आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली.

"शमिका... गो बाय, चालेल ना?"

तिने मागे वळून पाहिलं नाही.