मैत्रिणीची सुरळी

कोल्हारात आमच्या शेजारच्या वहिनी मुलीला घरीच शिकवतात. अक्षरं तिच्या ध्यानात राहत नाहीत आणि वर्गातल्या गोंगाटानं ती कान झाकून रडते, म्हणून ओट्यावरच शाळा भरते. वहिनी बागेतले पेरू मांडून बेरीज शिकवतात. मुलीनं "आई" म्हटलं की दटावतात, "आत्ता मी बाई हाय. आई शाळा सुटल्यावर!" मुलगी खुदकन हसते.

पलीकडच्या शाळेत जेवणाची घंटा झाली, की इथंही डबा उघडतो. एकदा पाहिलं, तर आत गूळ-चपातीच्या दोन सुरळ्या होत्या.

"वहिनी, दोन खाते का ती?"

"एक तिची. दुसरी मैत्रिणीला द्यायची. शाळंत पोरी वाटूनच खात्यात ना, भाऊजी?"

"हो," मी म्हणालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण शाळेतलं सगळ्यात जास्त आठवतं ते म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातला घास.

मुलगी आपली सुरळी संपवते आणि दुसरी झाकणावर नीट ठेवते. पलीकडची शाळा सुटते, मुली न थांबता ओट्यासमोरून घरी जातात. शेवटची मुलगी वळणाआड गेली, की ती सुरळी वहिनी स्वतः खातात.