थांबाअप्पांचं विधेयक

थांबाअप्पा कुठल्याच गोष्टीला चटकन 'होय' म्हणत नसत. उदगीरला त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक पदरावर भुललं, की अप्पा अख्खी साडी उलगडायचे. "आतलं बी बघा. नेसायची तर सगळीच हाय की." आतला डाग दिसायचा, गिऱ्हाईक उठून जायचं, मुलगा कपाळाला हात लावायचा.

विधानसभेतही त्यांनी हेच केलं. अप्पा एकदाच आमदार झाले. विधेयकाच्या प्रती अजून वाटल्या जात होत्या आणि गोंधळात आवाजी मतदान उरकायची घाई चालली होती. अप्पा उठून म्हणाले, "थांबा, वाचू तर द्या." पुढच्या वेळी पक्षानं तिकीट कापलं, गावानं हे नाव पाडलं. न वाचता 'होय' ओरडणारे मात्र पुन्हा निवडून आले. कुणी दिले निवडून? आपणच. लाज वाटायला हवी.

आम्ही पोरापोरींनी मोहीम काढली. विधेयकाची मराठी प्रत सात दिवस आधी आमदारांच्या हाती आणि लोकांसमोर हवी, चर्चा त्यानंतर. पत्रकं मी लिहायचे. अप्पा त्यातले 'धिक्कार' खोडायचे. "पोरी, शिव्या कमी कर. मागणी दिसंना गेलीय."

शेवटी हीच मागणी अशासकीय विधेयक म्हणून मांडायला एक आमदार तयार झाले. दुकानात आले, गादीवर टेकले, पेन काढलं. "कुठं करू सही?"

"आधी वाचा," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुमचंच हाय ना? मग वाचायचं कामून?"

"न वाचता हे मांडलं तर लोक हसतील, साहेब. तुम्हाला बी अन् मला बी."

बाहेर गाडी चालूच होती. आमदारांनी कागद खिशात कोंबले आणि सही न करताच गेले. मी भडकले. "अप्पा, घालवलात ना माणूस."

अप्पा बशीत चहा ओतत म्हणाले, "कागद तर घेऊन गेलाय."

पुढे अप्पा लेकीकडे सोलापूरला राहायला गेले. अधिवेशन तोंडावर आलं, तेव्हा आमदारांचा फोन आला. "चौथ्या कलमात काय लिहून ठेवलंय? उद्या पूर आला, तातडीनं कायदा लागला, तरी सात दिवस बसून राहायचं? तेवढी सूट घाला, न्हाईतर सही विसरा."

मी तणतणत अप्पांना सगळं सांगितलं. पलीकडून खुदखुदणं ऐकू आलं.

"चौथ्यापर्यंत पोचला म्हणायचा. आता बोलव त्याला अन् नीट भांड. सूट कुणी ठरवायची, ते बी विचार."

रविवारी आमदार दुकानात यायचेत. गादीवर अप्पा नसतील. भांडायचं मलाच आहे.