नंबर सुभेदार

सर्व वाहनधारकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत शिरणारी गाडी आता कुणीही तपासत नाही. आमचे नंबर सुभेदार गेले.

फौजेतून निवृत्त झालेले हे सहाफुटी गृहस्थ दिसेल त्या गाडीची पाटी खड्या आवाजात वाचायचे. गल्लीतला जावई आला तरी आधी नंबर, मग रामराम. दूधवाल्याची पाटी चिखलाने माखलेली दिसली, की स्वतः बादली घेऊन धुवायचे. मी एकदा त्यांना त्यांच्याच म्हशीचा नंबर विचारला. "तिला बघून गल्ली वळखती, गड्या. गाडीला कोण वळखतंय?" म्हणाले.

मग त्यांच्या पुतणीची पाठवणी आली. नवरदेव कराडचा. त्याच्या दोस्तांनी, सगळे काळ्या गॉगलमध्ये, गाडी झेंडूने अशी मढवली की पुढची-मागची पाटी गायब. मुलगी आत बसली आणि सुभेदार बॉनेटपुढे उभे राहिले.

"फुलं काढा. नंबर दिसल्याबिगर पोरगी हलायची न्हाई."

"काका, लगनाची गाडी हाय, चोराची न्हवं!" नवरदेव म्हणाला. त्याचे वडील भडकले, "सोयरीक हितंच मोडायची हाय का?"

मी हसत पुढे झालो. "सुभेदार, आज तरी सुट्टी घ्या की!"

ते हसले नाहीत. शांतिसेनेतून परदेशी गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुढचं त्यांनी त्या दिवशी, रस्त्यातच सांगितलं.

"आमचा दुभाषी म्हंजे तिथलाच एक पोरगा. सरकारच्या विरुद्ध बोलायचा. माझ्या डोळ्यांदेखत पांढरी गाडी आली. असलेच गॉगलवाले उतरले, हसत हसत त्याला आत बसवलं. मला वाटलं, दोस्त असतील. हात बांधलेला नदीत गावला. अशी लय पोरं उचलली तिथं. सरकार म्हणायचं, ती माणसं आमची न्हवंत. त्याची आई माझा हात धरून एकच इचारायची, गाडीचा नंबर सांग. पाटीच न्हवती, तर काय सांगू?"

माझं हसू तोंडातच वाळलं. नवरदेव खाली उतरला आणि दोन्ही हातांनी फुलं ओरबाडू लागला. मुलीची आई सकाळपासून रडत होती. ती रडायची थांबली, दिराकडे बघत राहिली आणि भर रस्त्यात एकदम ओरडली,

"आवं भावजी, मग त्या माऊलीनं फिर्याद द्यायची तरी कुणाच्या नावानं?"