कोरी नळी

कळंबे मॅडमना आनंदाची बातमी सांगणं म्हणजे धाडसच. शिपाई नामदेव एकदा पेढे घेऊन आला. "पोरगी वर्गात पयली आली मॅडम." मॅडमनी पेढा हातात धरूनच विचारलं, "वर्गात लेकरं किती हायेत?" नऊ होती. पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

त्या माझ्या पीएच.डी.च्या गाईड, सौंसरहून रोज बसने पांढुर्ण्याच्या कॉलेजात येत. संत्र्याच्या सालीत असतात त्या जातीची, फ्लॅव्होनॉइड नावाची संयुगं आम्ही प्रयोगशाळेत बनवायचो आणि त्यांच्यात अँटिऑक्सिडंट गुण आहे का ते तपासायचो. "संत्र्यात आयतंच हाये, मग बनवून काहून राहिल्या?" नामदेव विचारी.

मॅडम म्हणत, "संत्र्यात लय जण हायेत, नामदेव. काम कोणी केलं, कसं समजंन? एकट्याले बनवलं की त्याले जाब विचारता येते."

चाचणी साधी होती. जांभळ्या द्रावणात संयुग टाकायचं, नळी अर्धा तास अंधाऱ्या कपाटात ठेवायची. द्रावण पिवळं पडलं तर संयुग कामाचं. शेजारी संयुग न टाकलेली एक नळी ठेवायची, तिला मॅडम 'कोरी' म्हणत. ती जांभळीच राहायला हवी.

माझ्या प्रबंधातली अठरा संयुगं जांभळी राहिली. एकोणिसावं पिवळं पडलं. मी तिथूनच रामाकोना या माझ्या गावी आईला फोन लावला. तिने गल्लीत साखर वाटली.

मॅडम आल्या. "कोरी कुठं हाये?"

घाईत ठेवलीच नव्हती. त्यात लाइट गेली होती म्हणून, रंग नीट दिसावा यासाठी, मी नळी खिडकीत ठेवली होती, मे महिन्याच्या उन्हात. मॅडमनी दोन नळ्या नव्याने लावल्या. कोरी उन्हात, संयुगाची कपाटात. कोरी तासाभरात फिकी पडली. संयुगाची जांभळीच राहिली.

"ऊन काम करून राहिलं बाई. तुझं संयुग नाही."

वहीत त्यांनी 'निष्क्रिय' लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. प्रबंध दोन वर्षं रखडला. तेवढा काळ मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्याची आज लाज वाटते.

गेल्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने त्या गेल्या. त्याआधी आठ दिवस मी नागपूरला दवाखान्यात त्यांच्यापाशी होते. औषध लागू पडत नाही, असं डॉक्टरांनी मला आणि त्यांच्या भावाला बाहेर सांगितलं. भाऊ म्हणाला, "तिले खरं सांगू नको. तुझ्यावर भरोसा हाये तिचा."

मी आत गेले. "रिपोर्ट चांगला आला मॅडम. गाठ कमी होऊन राहिली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोरी ठेवली होती?"

"हो मॅडम."

त्यांनी मान हलवली. रिपोर्ट माझ्या हातातच होता. त्यांनी तो मागितला नाही.