खुशालरावांची दोन बटणं

नांदगाव पेठेतल्या एका सूतगिरणीच्या संगणकखोलीत खुशालराव वर्षानुवर्षं खुर्ची उबवत होते. गिरणीचा जुना युनिक्स सर्व्हर त्यांच्या ताब्यात. अकोल्याच्या कापूस खरेदी केंद्रावरची दीपमाला तिथूनच त्याच्याशी जोडणी करून काट्यावरची वजनं भरायची. एवढ्या भांडवलावर या गृहस्थांना वाटायचं की साऱ्या वऱ्हाडाची अक्कल आपल्याच डोक्यात मुक्कामाला आहे.

अकोल्याच्या संगणकाचा पडदा अधूनमधून गोठायचा. कारण अगदी क्षुल्लक. दीपमालाला संगणकाच्या क्लासपासूनची सवय, चार ओळी भरल्या की कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करायचं. सर्व्हरला जोडलेल्या टर्मिनलला मात्र त्याचा अर्थ 'थांब' असा कळतो. कंट्रोल आणि क्यू दाबलं की ते पुन्हा चालू. ही दोन बटणं फोनवर सांगायला कितीसा वेळ लागतो? पण सांगितली तर खुशालरावांना विचारणार कोण! म्हणून हे महाशय एसटीत बसून, मूर्तिजापुरात चहा ढोसून अकोल्याला जायचे, दीपमालाला खुर्चीवरून उठवायचे, डाव्या हाताने कीबोर्ड झाकून बटणं दाबायचे आणि वर कपाळाचा घाम पुसायचे. तिने एकदा विचारलं, "सर, काय केलं तुमी?" तर म्हणाले, "तुले समजाचं नाही ते. मशीन काही विचारो, वाय दाबाचं अन् एंटर माराचं. डोकं लावू नको." असल्या माणसाची कीव करायलाही मन होत नाही.

यंदा मालक ओमप्रकाशजींनी बजावलं, पुन्हा अकोल्याचं काम अडलं तर सर्व्हरही बंद आणि खुशालरावही घरी. त्याच आठवड्यात भरदुपारी पडदा गोठला. मालकांनी गाडी काढली आणि खुशालरावांना शेजारी बसवलं. आज मालकांसमोर करामत दाखवायची, या विचाराने ते वाटभर मिशीत हसत होते.

केंद्रावर कापूस उतरून एकाच गंजीत मिसळला होता. कुणाचा किती, याची नोंद फक्त सर्व्हरमध्ये आणि पावत्याही तिथूनच निघायच्या, म्हणून शेतकरी फाटकापाशी खोळंबले होते.

"सरक," खुशालराव म्हणाले. डाव्या हाताने कीबोर्ड झाकला, बटणं दाबली. पडदा सुटला.

आता गोठलेलं टर्मिनल दाबलेली बटणं फेकून देत नाही, पोटात साठवून ठेवतं. पडदा गोठला तेव्हा दीपमाला एक चुकलेली नोंद रद्द करत होती. सर येईपर्यंत सरांच्याच शिकवणीप्रमाणे ती वाय आणि एंटर हाणत बसली होती. ही नोंद रद्द करू? वाय, म्हणजे हो. पुढची? वाय. त्याच्या पुढची? वाय. खुशालरावांचा हात कीबोर्ड झाकून तसाच राहिला आणि दिवसभराची वजनं त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

"हे वाय कोनं दाबलं?" मालकांनी विचारलं.

"म्या," दीपमाला म्हणाली. "सरच म्हनत, काही विचारो, वाय दाब. डोकं लावू नको."

खुशालराव म्हणाले, "या लोकायले काही..."

"तुमी येईपर्यंत ते नुसतं थांबलं होतं," ओमप्रकाशजी शांतपणे म्हणाले. "जा आता, बाहेरच्या मानसायले तुमीच सांगा."

खुशालराव उठले. फाटकापाशी रिकाम्या गाड्यांजवळची माणसं त्यांच्याकडेच बघत होती, आणि या खेपेला हाताने झाकायला कीबोर्ड नव्हता.