तिळाची भाकरी

हे मी माझ्या बायकोला सांगितलं नाही. पाळकसाहेबांपुढे कितीतरी वेळा गुडघे टेकले, तिथंही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कदाचित.

मी मूळचा अंथुर्ण्याचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. मला शिकवलं ते मंडळीनं – बारामतीच्या आमच्या लहानशा चर्चच्या मंडळीनं. मी बी.ए. होऊन परत आलो, हायस्कुलात मास्तर झालो, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मला जवळ घेऊन डोळे पुसले. त्या उपकारांची जाणीव मला होती, आजही आहे. पण जाणीव असलेला माणूस चांगलाच असतो, असं थोडंच आहे?

अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा नुकताच झाला होता. मी मोठ्या माणसांसाठी एक अभ्यासवर्ग सुरू केला. दर रविवारी उपासना संपली की सतरंजी तशीच ठेवायची आणि बसायचं. शास्त्रातला एखादा भाग वाचायचा आणि विचारायचं, की याचा आपल्या मजुरीशी, आपल्या पाणवठ्याशी काय संबंध? बायबलातले संदेष्टे न्यायाबद्दल बोलले, ते फक्त मेलेल्या राजांना उद्देशून का? मी फार छान बोलायचो. खरंच छान बोलायचो.

वर्गात जळोचीहून राहेलबाई यायची, नवरा दाऊद याला घेऊन. दोघं बागायतदारांच्या मळ्यात भाजी खुडायला जात. एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बहुतेक सगळे महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले. हे दोघं मांगवाड्यातून. बाप्तिस्म्याचं पाणी एकच. पण सतरंजीच्या कडेला ते बसत आणि मध्ये थोडी जागा राही – कुणी आखलेली नव्हती, तरी राहायचीच.

एका रविवारी मी असाच रंगात आलो होतो. राहेलबाई मध्येच म्हणाली, “मास्तर, तुमी न्याय न्याय म्हणताय, ते ग्वाड वाटतंय ऐकायला. पण मी भाकर आणली तर हितं कोण खाईल, ते सांगा की.”

आमच्या पूर्वजांनी त्यांच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, तरी ही गोष्ट कुणी काढत नव्हतं.

मग मीच तोड काढली. सुगीनंतर उपकारस्तुतीचा रविवार येतो, त्या दिवशी आमच्याकडे प्रीतिभोजन असतं. तोवर जो तो आपापलं गाठोडं सोडून खायचा. मी म्हटलं, यंदा सगळ्यांच्या भाकरी एकाच टोपलीत टाकू, वर फडकं झाकू, आणि एकानंच फडक्याखाली हात घालून वाटायच्या. म्हणजे निवडायची संधीच कुणाला नको. पाळकसाहेब खूश झाले. राहेलबाई पदर तोंडाला लावून हसली फक्त.

वाटायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुणाकडे येणार?

तो दिवस मला अजून दिसतो. माझी आई पुढे बसली होती – पण तिचं नाव मी यात आणणार नाही. तिनं मला काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. शेजारी योहानतात्या. कालव्यावर मुकादम होते, मंडळीतले सगळ्यात वडील. मला टोपली उचलताना पाहून ओरडले, “घ्या! आमच्या बी.ए.ला शेवटी वाढप्याची नोकरी लागली!” सगळे हसले. मीही.

फडक्याखाली हात घातला. ज्वारीच्या भाकरी, बाजरीच्या भाकरी. आणि मग बोटांना तीळ लागले.

सणाला थापतात तशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. अशा चार-पाच होत्या. बाकी कुणी तीळ लावले नव्हते, आणि राहेलबाईनं तिच्या भाकरी माझ्यादेखत टोपलीत ठेवल्या होत्या. एवढं मन लावून तिनं त्या केल्या होत्या, आणि त्यामुळेच त्या मला अंधारातही ओळखू आल्या. पहिल्यांदा हात बाजूला सरला, तेव्हा तो आपोआप सरला, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मी निवडत होतो. डोळे छपराकडे, ओठांवर प्रार्थना, आणि फडक्याखाली बोटं निवडत होती. योहानतात्यांना ज्वारीची. आईला ज्वारीची. मला स्वतःला – हो, मलाही – ज्वारीची.

शेवटी सतरंजीच्या कडेला पोचलो आणि तिची भाकरी तिच्या हातात ठेवली. दाऊदच्या हातातही तीच.

तिनं पाहिलं. मग हसून म्हणाली, “अगं बया! मास्तर, आमचीच भाकर आमाला घावली की! घाला बरं परत एकदा हात.”

कळलं का तुम्हाला? तिनं मला वाट करून दिली होती. थट्टेवारी नेऊन. टोपलीत भाकरी उरलेल्या होत्या. एकदा हात घातला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं.

मी म्हणालो, “राहेलबाई, प्रभूनं जे हातात दिलं ते घ्यावं.”

प्रभूनं! मी ते त्याच्यावर ढकललं.

“व्हय,” ती म्हणाली. “घ्यावंच.”

इथंही संपत नाही. जेवता जेवता तात्यांनी मान वर केली. “मास्तर, तिळाची भाकर कुणाची हुती रं? वास कसा सुटलाय! माझ्या वाट्याला कशी आली न्हाय?”

ज्यांच्या नाराजीला मी भीत होतो, तेच हे तात्या. त्यांनी ती खाल्ली असती. मागून घेतली असती! राहेलबाईनं लगेच आपली भाकरी अर्धी मोडली, तो तुकडा घेऊन हात अर्धवट पुढे केला, आणि पाहिलं – तात्यांकडे नाही, माझ्याकडे. देऊ का, असं विचारल्यासारखं. मी टोपली उचलली आणि पाठ फिरवली.

“कुणाची कोण जाणे, तात्या,” मी म्हणालो.

मागं वळून पाहिलं तेव्हा तो तुकडा तिच्या मांडीवर होता.

पुढल्या रविवारी ती दोघं आली नाहीत. त्यापुढच्याही नाहीत. तात्यांनी वर्गात विचारलं, “जळोचीची मानसं कुठं हायती?” मी म्हणालो, लांब पडतं त्यांना. जळोची लांब! त्याच्या दुप्पट वाट तुडवून लोक यायचे. तात्या माझ्याकडे बघत राहिले, पण मी मास्तर होतो. जळोचीला मी एकदाही गेलो नाही. काही वर्षांनी बाजारात राहेलबाई दिसली, मेथीच्या जुड्या बांधत. तिनं माझ्या पोरांची चौकशी केली. बाकी काही नाही.

एका टोपलीचं प्रीतिभोजन मात्र चालू राहिलं. अजून चालतं. मंडळीत भेद राहिला नाही तो मास्तरांमुळे, असं लोक म्हणतात. मला हार घातला, तेव्हा मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला.

परवा वर्गातल्या तरुण मुलांनी घरी येऊन विचारलं, ही पद्धत सुरू कशी झाली. मी सांगितलं, एका बाईनं प्रश्न विचारला होता. तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. एक मुलगी म्हणाली, “आजोबा, काय नाव होतं त्यांचं?”

मी म्हणालो, आता आठवत नाही गं.

आठवत होतं.