तो संकोच नव्हता

“मामा, बूट काढता का? चप्पल असेल तर कॅमेऱ्यात छान दिसेल.”

आकुर्डीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सभागृहात, पडद्यामागे, हे वाक्य मला ऐकवण्यात आले. बोलणारी मुलगी कंपनीच्या प्रसिद्धी विभागातली. हातात नवी कोरी कोल्हापुरी, चेहऱ्यावर हसू. पलीकडे व्यासपीठावर कंपनीचा संस्थापक ईशान विद्यार्थ्यांना करिअरविषयी मार्गदर्शन करीत होता. थोड्या वेळाने तो मला बोलावणार, शाल घालणार आणि माझ्या पाया पडणार, असे ठरले होते. ज्या पायांवर डोके ठेवायचे ते गरिबाचे दिसले पाहिजेत, एवढीच अडचण होती. माझे बूट चकचकीत होते.

मी म्हणालो, “बूट निघणार नाहीत.”

या प्रसंगाची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. तिच्यात मी मागे सरकताना दिसतो, आणि खाली लिहिले आहे: ‘खरी नम्रता’. लोकांनी त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लावली आहे. किती साधा माणूस, असे कोणी लिहिले आहे. मुलगा मला म्हणाला, लोक चांगलेच बोलतायत, सोडून द्या. मी सोडणार नाही. दाखवले ते खोटे आहे, आणि घडले ते सांगायला मी अजून जिवंत आहे.

आधी बुटांविषयी. आमचे घर खेड तालुक्यातल्या एका गावात, गावकुसाबाहेर. चावडी जवळ आली की माझे वडील पायांतल्या वहाणा काढून काखेत धरीत. चावडी मागे पडली की पुन्हा घालीत. चावडीच्या पायरीवर बसलेली, माझ्याच वयाची पोरे त्यांना अर्ध्या नावाने हाक मारीत, आणि वडील ‘जी’ म्हणून थांबत. हे मी त्यांचे बोट धरून पाहिले आहे. कोणाच्या पुस्तकात वाचलेले नाही.

पुढे आयटीआय केले. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागात, लागलो आणि तिथूनच फोरमन होऊन निवृत्त झालो. तिथे माझ्या नावाला ‘राव’ जोडले गेले. ते मला कोणी बहाल केले नाही. साच्यांवर झिजून मिळवले. माझ्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी जणांनी पुढे भोसरीत, चाकणला स्वतःची वर्कशॉप टाकली. ते मला आजही त्याच नावाने ओळखतात. पहिल्या पगारापासून मी बूट वापरतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे असले तरी बुटातच जातो. घरचे हसतात. हसोत.

आता ईशानविषयी. कोणाच्या तरी लग्नात त्याची ओळख झाली. तो चांगल्या घरचा, परदेशी शिकलेला. त्याची कल्पना अशी, की लहान वर्कशॉपमधली मशीन कधी मोकळी असतात ते मोबाइलवर दिसावे आणि मोठ्या कारखान्यांनी त्यांना काम द्यावे. कल्पना उत्तम होती, आणि ती पूर्णपणे त्याची होती. हे मी कधीही नाकारलेले नाही. आजही नाकारीत नाही. अडचण वेगळी होती. चाकणमध्ये त्याला कोणी शटरच्या आत घेईना. ॲपवाल्या पोरांपायी आधीच हात पोळले होते तिथल्या लोकांचे. तेव्हा तो माझ्या घरी आला. माझ्याबरोबर चला म्हणाला.

मी गेलो. दारोदार गेलो. प्रत्येक मालकाला सांगितले, हा मुलगा खरा आहे, शब्द माझा. त्या काळात मी बरोबर नसलो तरी ईशान दारात उभा राहून माझे पूर्ण नाव, ‘राव’सकट, घेत असे आणि शटर वर जात असे. एका मालकाने तर मला फोन करून विचारले, “राव, तुमचं नाव सांगणारा पोरगा आलाय. चहा पाजू की हाकलू?” मी म्हणालो, पाज. अशी ती कंपनी उभी राहिली.

मग चाकणलाच काचेची इमारत आली, गुंतवणूकदार आले आणि बरीच तरुण मंडळी आली. आमच्याकडे कोणी सर नाही, मॅडम नाही, सगळे पहिल्या नावाने, असा तिथे नियम होता. मला सल्लागार म्हणून खुर्ची मिळाली. पण माझ्या वयाच्या माणसाला पहिल्या नावाने कसे हाक मारणार? कोणीतरी मला ‘मामा’ म्हणाले. तो शब्द चिकटला.

बाहेरच्यांना यात गोडवा दिसेल. आपल्या भागातल्या माणसाला कळेल. ज्याला बैठकीत बसवायचे, त्याला आपल्याकडे ‘काका’ म्हणतात. ‘मामा’ दारात उभा असतो. रुग्णालयातला वॉर्डबॉय मामा, शाळेतला शिपाई मामा, ड्रायव्हर मामा, गेटवरचा मामा. ईशानचे वडील कार्यालयात आले की सगळे त्यांना काका म्हणत. ते माझ्यापेक्षा वयाने लहान.

गेटवर गंगाधर होता. परभणीचा. त्याचे नाव गंगाधर आहे, हे त्या इमारतीत माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. तो एकदा मला म्हणाला, “आता आपन दोघं बी मामा झालो की, साहेब. भाचे समदे आत एशीच्या गारव्यात.”

मी तेव्हा हसलो होतो.

त्यानेच एका दुपारी मला गेटवर थांबवून मोबाइल पुढे केला. ईशानची मुलाखत होती, तरुणांना यशाचा मंत्र देणारी. तो सांगत होता: एका संध्याकाळी चाकणमध्ये माझी गाडी बंद पडली. एका गेटवर वॉचमन मामा बसले होते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, बेटा, मशीन रिकामी राहिली की मालकाला झोप लागत नाही. बस, त्या क्षणी कंपनी जन्माला आली. म्हणून मित्रांनो, शिकायचे असेल तर वॉचमनकडूनही शिका. मग पडद्यावर माझा फोटो आला.

गंगाधर म्हणाला, “माझी जागा घेतली की वो तुमी.”

त्याच्या हसण्यात मस्करी कमी होती.

मी आयुष्यात कोणाला ‘बेटा’ म्हटलेले नाही. वॉचमनची नोकरी कमीपणाची आहे, असेही मी मानत नाही. मी ती केली असती तर छाती पुढे काढून सांगितले असते. पण मी ती केलेली नाही. त्या मुलाने मला न सुचलेल्या कल्पनेचे श्रेय दिले आणि जे मी खरोखर दिले होते, ते पुसून टाकले. कारण उघड आहे. वॉचमनने कल्पना दिली, ही गोष्ट बाजारात चालते. त्याच्यासाठी चाकणची दारे बंद होती आणि गावकुसाबाहेरच्या एका फोरमनच्या नावावर ती उघडली, हे सांगितले तर यशाचा मंत्र उरत नाही.

मी फोन केला. तो म्हणाला, “मामा, याला स्टोरीटेलिंग म्हणतात. लोक कनेक्ट होतात. तुम्ही तर हीरो आहात त्यात.” आणि मग, माझा राग उतरावा म्हणून असेल, आकुर्डीच्या सत्काराचे निमंत्रण दिले.

मी नकार देणार होतो. पण त्या महाविद्यालयात माझी नात शिकते. त्याच आठवड्यात तिच्या वर्गात करिअर मार्गदर्शनाच्या तासाला ती मुलाखत दाखवली गेली. घरी येऊन तिने विचारले, “आजोबा, तुम्ही आधी वॉचमन होतात का?”

मी विचारले, वर्गात तू काय सांगितलेस.

“काहीच नाही. मला खरं काय ते माहीतच नव्हतं.”

तिला लाज वाटली असती तर मी ते पचवले असते. पण माझ्या घरात, माझ्या रक्ताच्या नातीला माझ्याविषयी जे ठाऊक होते, ते त्याने सांगितलेले होते. म्हणून मी गेलो. सत्कार घ्यायला गेलो नाही.

सभागृह भरलेले. नात मधल्या रांगेत. ईशान म्हणाला, “आणि हे आमचे मामा.” टाळ्या. शाल पडली. तो वाकला. त्याची बोटे माझ्या बुटांपर्यंत आली आणि मी पाय मागे घेतले. पुरता बाजूला झालो. त्याचे हात जमिनीला टेकले. चित्रफीत इथे संपते.

पुढचे त्यांनी कापले आहे. मी ध्वनिक्षेपक घेतला आणि म्हणालो, “मी वॉचमन नव्हतो. मी टूलरूमचा फोरमन होतो. या मुलाला चाकणमधली दारे माझ्या नावावर उघडली. ते नाव काय, हे त्याला विचारा.”

ईशान उठून उभा राहिला होता. तो हसला. म्हणाला, “आम्ही मामाच म्हणतो ना! मामा म्हणजे फॅमिली.”

मी म्हणालो, “नाव.”

त्याने सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीकडे पाहिले. नाव विसरला असेल तर वाईट. विसरला नसेल तर त्याहून वाईट. ती मुलगी लगबगीने म्हणाली, मामा फार इमोशनल झाले आहेत. संगीत सुरू झाले. माझ्या हातातला ध्वनिक्षेपक बंद पडला. त्यातूनच माझा आवाज त्या सभागृहातल्या शेवटच्या मुलापर्यंत पोहोचत होता थोड्या वेळापूर्वी.

मधल्या रांगेतून नात उठून उभी राहिली आणि तिने मोठ्याने माझे नाव घेतले. पूर्ण. ‘राव’सकट. संगीतात ते कितीजणांनी ऐकले, मला ठाऊक नाही. मी ऐकले.

पुढच्या सोमवारी चाकणला कार्यालयात गेलो, तर गंगाधर गेटवर खाली मान घालून उभा. म्हणाला, “साहेब, तुमाला आत सोडू नका म्हनलेत. पूर्ण नाव लिहून दिलंय तुमचं.”

बंदी घालायची वेळ आली तेव्हा त्यांना माझे नाव सापडले. ‘राव’ तेवढे गाळले होते.

त्या गेटवरून मी घरी आलो नाही. वर्कशॉपच्या गल्ल्यांत शिरलो. ज्या ज्या दारात मी त्या मुलासाठी शब्द टाकला होता, तिथे जाऊन तो परत घेतला. पुढे व्यवहार करायचा की नाही, ते तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहून ठरवा. माझे नाव आता त्यात नाही, एवढेच सांगितले. दोघातिघांनी समजूत घातली, राव, या वयात कशाला वैर. वैर मी सुरू केलेले नाही. अजून काही दारे राहिली आहेत. तीही होतील.

ईशानचे पुढचे व्याख्यान राजगुरुनगरला आहे. विषय तोच, गोष्टही तीच असणार. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. नात येते म्हणाली आहे. गंगाधरची त्या दिवशी सुट्टी आहे. वॉचमनचे नाव निघाले की आम्ही उभे राहू आणि आपापली नावे सांगू. ध्वनिक्षेपक लागणार नाही. फोरमनच्या आवाजाला मशीनच्या वर जायची सवय असते.

माझे गाव त्या वाटेला लागूनच आहे. आधी तिथे उतरणार आहे. चावडीसमोरून चालत जाणार आहे. पायांत बूट असतील.